जॅझची मुळे आणि तबकडीची साक्ष

जॅझच्या रसिकांची बैठक न्यू जर्सीत भरो, लंडनमध्ये भरो की दुबईत, तिच्यात दोन गोष्टी हमखास घडतात. आधी प्रत्येक जण आपापली आवडती ध्वनिमुद्रिका पुढे करतो. आणि थोड्याच वेळात हे संगीत मुळात कोणाचे, या प्रश्नावर मतभेद सुरू होतात. वरवर पाहता पहिली गोष्ट रुचीची आणि दुसरी इतिहासाची. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. जॅझचा गाभा कागदावरील स्वरलिपीत उतरत नाही, म्हणून त्याचा इतिहास मुख्यतः तबकड्यांवरून लिहिला गेला. आणि त्या कोणी काढल्या, कोणाच्या काढल्या आणि कोणत्या यंत्रावर काढल्या, यावर त्या इतिहासाचा चेहरा ठरला. तबकडी हा महत्त्वाचा साक्षीदार खरा, पण त्याने सर्व काही पाहिलेले नाही, आणि जे पाहिले तेही एका विशिष्ट जागी उभे राहून.

पहिली तबकडी

जॅझची पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रिका म्हणून जी ओळखली जाते, तिचे मुद्रण व्हिक्टर कंपनीने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे केले. एका बाजूस ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’, दुसऱ्या बाजूस ‘डिक्सीलँड जॅस बँड वन-स्टेप’. शब्दाचे रूप अजून स्थिरावलेले नव्हते. वादक होते न्यू ऑर्लिन्सहून आलेले पाच गोरे तरुण. त्यांच्या वाद्यवृंदाचे नावच ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ असे होते आणि कॉर्नेटवादक निक लारोका हा त्याचा म्होरक्या. ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’मध्ये क्लॅरिनेट कोंबड्यासारखी आरवते, कॉर्नेट घोड्यासारखे खिंकाळते आणि ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. तबकडी धडाक्याने खपली. पुढे उतारवयात लारोकाने जॅझ ही गोऱ्यांचीच निर्मिती असल्याचा दावा केला. त्या दाव्याच्या मागे या तारखेपलीकडे फारसे काही नाही.

न्यू ऑर्लिन्समधील वादकांच्या आठवणींत ज्याचे नाव सर्वप्रथम येते, तो कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक बडी बोल्डन १९०७ मध्येच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. १९३१ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या वादनाचा एकही ध्वनिमुद्रित तुकडा आज उपलब्ध नाही. किड ओरीच्या वाद्यवृंदाचे मुद्रण १९२२ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाले, तर किंग ऑलिव्हरच्या ‘क्रिओल जॅझ बँड’चे एप्रिल १९२३ मध्ये. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदांना तबकडीवर येण्यास लारोकानंतर पाच-सहा वर्षे लागली. वादनाचा क्रम आणि मुद्रणाचा क्रम येथे उलटा आहे.

मात्र कृष्णवर्णीय वादकांना मुद्रणकक्षाची दारे पूर्णपणे बंद होती, असेही म्हणता येत नाही. जेम्स रीस युरोप या कृष्णवर्णीय वाद्यवृंदप्रमुखाच्या तबकड्या याच व्हिक्टर कंपनीने १९१३–१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढल्या होत्या. आज त्या ऐकल्या तर घाईची, उसळती, मोकाट सुटलेली लय कानावर येते. तिला रॅगटाइम म्हणावे की जॅझ, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पहिल्या तबकडीचा मान कोणाला, हे अखेर नामकरणावर अवलंबून राहते. युरोपच्या त्या मुद्रणांत क्रिकेट स्मिथ नावाचा एक कॉर्नेटवादक होता. त्याचे नाव लक्षात ठेवावे. तो पुढे मुंबईत भेटतो.

चौक, मिरवणूक आणि कायदा

न्यू ऑर्लिन्स हे शहर आधी फ्रेंचांचे, मग स्पॅनिशांचे आणि १८०३ नंतर अमेरिकेचे. हैतीतील उठावानंतर क्युबात आश्रय घेतलेले नऊ हजारांहून अधिक लोक १८०९–१० च्या सुमारास येथे आले: गोरे, स्वतंत्र मिश्रवर्णीय आणि गुलाम. शहराची वस्ती त्यामुळे जवळपास दुप्पट झाली. १८१७ मध्ये नगरप्रशासनाने गुलामांच्या रविवारच्या मेळाव्यांना एकच ठरावीक जागा नेमून दिली. तिलाच पुढे काँगो स्क्वेअर हे नाव रूढ झाले. वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब याने १८१९ मध्ये तेथील ढोल, तंतुवाद्य आणि रिंगणातील नृत्य पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे.

जॅझचा लोकप्रिय इतिहास बहुधा याच चौकातून सुरू होतो. ही सुरुवात मनाला भिडते, पण तिच्यात एक मोठी उडी आहे. ते मेळावे यादवी युद्धापूर्वीच थांबले होते आणि बोल्डनचा काळ त्यानंतर किमान चार दशकांचा. चौकातील ढोल थेट कॉर्नेटच्या हाती आला नाही. मधल्या काळात तो वारसा इतर वाटांनी जिवंत राहिला: चर्चमधील रिंगण धरून गायिली जाणारी प्रार्थना, मळ्यांवरील श्रमगीते, अंत्ययात्रेसोबत जाणारे पितळी वाद्यांचे ताफे, आणि खेड्यांतून शहरात आलेल्या मजुरांनी आणलेले ब्लूज. एकाच्या पुकाऱ्याला समूहाने उत्तर देणे, पाश्चात्त्य स्वरसप्तकाच्या फटींत बसणारे किंचित उतरलेले स्वर, आणि ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे घेतलेला आघात या तीन खुणा या सर्व वाटांवर सापडतात.

दुसरी बाजू क्रिओलांची. फ्रेंच भाषक, कॅथलिक, मिश्रवर्णीय आणि बऱ्याच अंशी युरोपीय पद्धतीने संगीत शिकलेला हा समाज. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये रेल्वेत वर्णानुसार वेगळे डबे सक्तीचे केले. त्याविरुद्ध लढा उभारला तो याच समाजाने. त्यांच्यातील होमर प्लेसी १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात जाणीवपूर्वक बसला, आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाखाली त्याच्याविरुद्ध निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने क्रिओल आणि गुलामांचे वंशज आता एकाच रेषेच्या एकाच बाजूस उभे होते. स्वरलिपी वाचणारे क्रिओल आणि कानाने वाजवणारे कृष्णवर्णीय अशा रीतीने एकत्र आले आणि जॅझ जन्मले, अशी एक प्रचलित मांडणी आहे. ती सोयीची आहे आणि जरा जास्तच सुबक. कानाने वाजवणाऱ्यांतही स्वरलिपी जाणणारे होते, आणि शहराच्या दोन्ही भागांतील वादकांची ये-जा त्यापूर्वीही होती. तरीही या संगीताच्या जडणघडणीचा काळ आणि वर्णभेदाच्या कायद्यांचा काळ एकच आहे, हे कोणत्याही मांडणीला टाळता येत नाही.

कर्ण्यात न मावलेला ताल

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात विजेचा वापर होत नसे. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहत आणि आवाजाच्या कंपनांनी सुई मेणावर चर कोरत असे. मोठ्या ढोलाचा दणका बसला की सुई उसळण्याची भीती. त्यामुळे १९२३ मध्ये ऑलिव्हरचा तालवादक बेबी डॉड्स याला मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर काम भागवावे लागले. हे मुद्रण इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी, गेनेट कंपनीच्या मुद्रणकक्षात झाले. शेजारून रेल्वे जात असे आणि गाडी आली की मुद्रण थांबवावे लागे. दुसऱ्या कॉर्नेटवर एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग होता. त्याचा आवाज इतका भारी होता, की त्याला इतरांपासून दूर उभे केले गेले, अशी आठवण पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. ‘चाइम्स ब्लूज’मधील त्याचे एकल वादन हे तबकडीवर आलेले त्याचे पहिले एकल वादन मानले जाते.

या यांत्रिक तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. आफ्रिकी वारशाची सर्वांत ठसठशीत खूण म्हणजे एकावर एक रचलेल्या लयी आणि ढोल. नेमकी तीच त्या कर्ण्याला पेलली नाही. युरोपीय घडणीची पितळी वाद्ये आणि क्लॅरिनेट मात्र स्पष्ट उमटली. केवळ या सुरुवातीच्या तबकड्यांवरून ‘जॅझमध्ये युरोप किती, आफ्रिका किती’ असा हिशेब मांडणारा अभ्यासक म्हणूनच एका बाजूचे वजन नकळत कमी मोजतो. तीन मिनिटांची मर्यादा हा आणखी एक काच. मराठी रसिकाला तो नवा नाही. १९०२ पासून भारतात निघालेल्या तबकड्यांवर तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत कोंबला गेला, आणि त्या तबकडीवरून बैठकीतल्या गाण्याचा अंदाज बांधताना जाणता श्रोता हातचे राखूनच बोलतो. ऑलिव्हर ऐकतानाही तीच सावधगिरी हवी.

हवानाहून आलेले वळण

१९३८ मध्ये एका नभोवाणी कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यांचा परिचय जॅझ आणि ब्लूजचे जनक असा करून देण्यात आला. न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल पियानोवादक जेली रोल मॉर्टन त्याने संतापला आणि जॅझ आपणच १९०२ मध्ये निर्माण केले, असे त्याने लेखी कळवले. ही फुशारकीच होती. पण त्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ॲलन लोमॅक्स यांच्यापुढे पियानोवर बसून त्याने जे तासन्‌तास सांगितले आणि वाजवून दाखवले, ते अमोल आहे. ‘ला पालोमा’ या जुन्या हवानाशैलीच्या गीताचा डावा हात तसाच ठेवून केवळ उजव्या हाताच्या चालीने त्याचे जॅझ कसे होते, हे तो तेथे दाखवतो. या स्पॅनिश छटेवाचून जॅझला चव येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हवाना आणि न्यू ऑर्लिन्स यांच्यात जहाजांची सतत वर्दळ होती, हे ध्यानी घेतले तर त्यात नवल नाही. खुद्द हँडींच्या १९१४ च्या ‘सेंट लुई ब्लूज’मध्ये मधला भाग हाबानेराच्या लयीत आहे.

या गीताचे बेसी स्मिथने १४ जानेवारी १९२५ रोजी केलेले मुद्रण प्रत्येकाने एकदा तरी ऐकावे. साथीला आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट आणि फ्रेड लाँगशॉची पायपेटीच्या जातीची पेटी. पेटीचा तो धीमा, भरून राहणारा सूर मराठी कानाला चटकन ओळखीचा वाटतो. बेसीची ओळ संपते तेथे कॉर्नेट उत्तर देते, आणि पोवाड्यातील झीलकऱ्यांची आठवण होते. ही साम्ये सुखद असली, तरी नाते सिद्ध करणारी नाहीत. पुकारा आणि प्रतिसाद जगभर आढळतो. अमेरिकेत तो कोणत्या वाटेने आला, याचा पुरावा स्वतंत्र आहे.

आर्मस्ट्राँगचे सर्वांत वाखाणले गेलेले मुद्रण ‘वेस्ट एंड ब्लूज’ हे २८ जून १९२८ रोजी शिकागोत झाले. सुरुवातीला एकट्या ट्रम्पेटची झेप, साथ नाही, ठेका नाही. ती ऐकून रसिक आजही थबकतात. आर्मस्ट्राँगने तरुणपणी ऑपेराच्या तबकड्या मन लावून ऐकल्या होत्या आणि त्या झेपेत ऑपेरा ऐकू येतो, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. लगेच पुढे येणारे मात्र बारा मापांचे ब्लूजचे आवर्तनच आहे.

न मुद्रित झालेली दोन वर्षे

साक्षीदाराच्या स्मृतीत आणखी एक खड्डा आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांबाबत तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत टिकला. नेमक्या याच काळात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात आणि हार्लेममधील रात्रीच्या बैठकांत बीबॉप घडवत होते. हाइन्सच्या १९४३ च्या त्या वाद्यवृंदाची एकही तबकडी निघाली नाही. बहिष्कार उठल्यावर बीबॉप श्रोत्यांसमोर आले ते जणू आकाशातून पडल्यासारखे, आणि ते परंपरेला तोडणारे आहे अशी समजूत झाली. दुवे होते, मात्र ते मेणावर उमटले नव्हते.

पार्करचे २६ नोव्हेंबर १९४५ चे ‘को-को’ हे मुळांच्या वादातील सर्वांत मौजेचे उदाहरण होय. त्याचा स्वरसंगतींचा सांगाडा ‘चेरोकी’ या गीताचा. त्या गीताचा रचनाकार रे नोबल हा इंग्रज, आणि शीर्षक एका मूळ अमेरिकी जमातीचे. पहिल्या, अर्धवट सोडलेल्या प्रयत्नात ‘चेरोकी’ची मूळ चाल सुरू होते आणि मध्येच थांबवली जाते. स्वामित्वहक्क चालीवर असे, स्वरसंगतींवर नसे. चाल गाळली की मानधनाचा प्रश्न मिटला. उरला तो सांगाडा आणि त्यावर पार्करची कल्पनाशक्ती. साहित्य परके आहे म्हणून ‘को-को’ परके ठरत नाही. दोन वर्षांनी गिलेस्पीने क्युबन तालवादक चानो पोसोसोबत ‘मँटेका’ मुद्रित केले, तेव्हा मॉर्टनने सांगितलेली ती हवानाची वाट पुन्हा उघड्यावर आली.

वाद नेमका कशाचा

लेखक लीरॉय जोन्स (पुढे अमिरी बराका) यांनी १९६३ मधील ‘ब्लूज पीपल’ या ग्रंथात हे संगीत गुलामगिरीतून नागरिकत्वाकडे गेलेल्या समाजाच्या अनुभवाचे थेट प्रतिबिंब म्हणून मांडले. राल्फ एलिसन यांनी त्यावर टीका केली: समाजशास्त्राचे ओझे एवढे टाकले, की कला त्याखाली दबून जाते. एलिसन यांना ब्लूजमधील कलावंताचे स्वातंत्र्य आणि अमेरिकेची मिसळलेली संस्कृती अधिक महत्त्वाची वाटे. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही या संगीतात मुरलेले. त्यामुळे हा वाद गोरे विरुद्ध काळे एवढा सोपा कधीच नव्हता. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून जॅझला दुर्मीळ आणि मौल्यवान राष्ट्रीय ठेवा म्हटले. ट्रम्पेटवादक निकोलस पेटन यांनी २०११ मध्ये तर जॅझ हे नावच नाकारले आणि ‘ब्लॅक अमेरिकन म्युझिक’ हा पर्याय पुढे केला.

या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. साहित्य कोठून आले, हा एक. त्या साहित्याचे जॅझ कोणी केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अनेकवचनी आहे. दुसऱ्याचे तसे नाही: हे आफ्रिकन-अमेरिकनांनी घडवलेले संगीत आहे. बिली हॉलिडेचे १९३९ चे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे झुंडबळींवरचे गीत एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने लिहिले. हॉलिडेची नेहमीची कंपनी कोलंबियाने ते मुद्रित करण्याचे टाळले म्हणून कमोडोर या छोट्या कंपनीकडे जावे लागले. मीरोपोलचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ते गीत रात्रीमागून रात्र गाण्यातला धोका त्याच्या वाट्याचा नव्हता. मॅक्स रोचच्या १९६० च्या ‘वी इन्सिस्ट!’मध्ये ॲबी लिंकनचा आवाज, कोलमन हॉकिन्सचा सॅक्सोफोन आणि नायजेरियाच्या ओलाटुंजीचा ढोल एकत्र येतात. कर्ण्याने वगळलेला ढोल येथे अग्रभागी आहे.

‘सगळ्यांचे संगीत’ हा शब्दप्रयोग सौजन्याचा असला, तरी बऱ्याचदा तो दुसरा प्रश्न टाळण्याची पळवाट ठरतो.

राग, आवर्तन आणि ‘इंडिया’

भारतीय श्रोते ‘जॅझ म्हणजे पाश्चात्त्यांचा राग’ असे सहज म्हणून जातात. त्यात अर्धेच तथ्य आहे. बारा किंवा बत्तीस मापांचे आवर्तन फिरत राहते आणि वादक त्यावर उपज करत समेसारख्या जागी परततो, इथवर साम्य खरे. परंतु पार्करची उपज बदलत्या स्वरसंगतींच्या पायऱ्यांवर चालते. रागात त्या पायऱ्याच नाहीत. दोहोंतील अंतर कमी झाले ते माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी मुद्रित झालेल्या या संचात स्वरसंगती विरळ झाल्या आणि वादक एकाच स्वरमालेवर रेंगाळू लागले. त्या संचातला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये ‘इंडिया’ वाजवतो, तेव्हा दोन बास एकत्र लावून तानपुऱ्यासारखा आधार उभा करतो. पं. रविशंकरांविषयीच्या आदरातून त्याने मुलाचे नाव रवी ठेवले. रवी कोल्ट्रेन आज स्वतः नामवंत सॅक्सोफोनवादक आहे. ॲलिस कोल्ट्रेनच्या १९७१ च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’मध्ये प्रत्यक्ष तानपुराच आहे. लंडनमध्ये कोलकात्याचा जॉन मेयर आणि जमैकाचा जो हॅरियट यांनी १९६६ मध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ केले, आणि पुढे जॉन मॅक्लॉक्लिन व झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ने ही वाट रुंद केली. ही सर्व जॅझची नंतर फुटलेली पालवी आहे. तिला मूळ समजण्याची चूक अभिमानाच्या भरात होते.

मुंबईची शाखा

मुंबईशी असलेला दुवा वेगळा आणि अधिक जुना आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, तोच, जो १९१३–१४ मध्ये जेम्स रीस युरोपसोबत न्यूयॉर्कच्या कर्ण्यासमोर उभा होता. १९३६ मध्ये त्याने मुंबईत ‘ताजमहाल’ ही फॉक्सट्रॉटची रचना मुद्रित केली. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ मधील ग्रंथाचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे नाव तिच्यावरूनच आलेले आहे. शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफोर्डही ताजमध्ये वाजवत होता. १९४५ मध्ये कोलकात्यात त्याचे निधन झाले. मायदेशी वर्णभेदाने गांजलेले हे कलावंत वसाहतीच्या मुंबईत साहेब आणि संस्थानिक यांच्यापुढे वाजवत होते, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

त्यांच्याकडून थेट शिकले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन यांचे शिक्षण मिळे. त्यामुळे रचना वाचण्याची अडचण नव्हती. जे कागदावर नसते, ते त्यांनी या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून उचलले. त्यांपैकी हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणवला गेला. इंग्रज गेले, मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतील नृत्याच्या रात्री ओसरल्या. तसे हे वादक अधिकाधिक चित्रपटांच्या मुद्रणकक्षांकडे वळले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या गाण्यांत स्विंगचा झोक आणि ट्रम्पेटची ललकारी आली ती या सहवासातून. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. त्या काळच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव छापलेले असे, संगीतकाराचे असे, चित्रपटाचे असे. ट्रम्पेट कोणी वाजवला, हे लिहिण्याची पद्धत नव्हती.